भुज पुन्हा उभं कसं राहिलं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मुलुंडला आमच्या इमारतीत निम्मी घरं मराठी, निम्मी कच्छी. 26 जानेवारी 2001 ला सकाळी गुजरातमधल्या कच्छच्या भूकंपाने आमच्या दिवाणखान्यातला पंखा आपोआप झुलला आणि दुपारपर्यंत मजल्यावरचा एकमेव फोन शेजारच्या काकांच्या हातातून सुटला नाही. त्यांचा भाऊ भुजला, वाणियावाडजवळ राहायचा. लाईन लागत नव्हती. मे महिन्यात ते मला सामान उचलायला सोबत घेऊन गेले, तेव्हा मी कॉलेजात होतो. पुढे पोटापाण्यासाठी नगररचनेतच आलो आणि भुजला आणखी तीनदा गेलो. लग्नात, ट्रेनमध्ये, एखाद्या बैठकीनंतर चहा पिताना लोक मला भुजबद्दल जे विचारतात, ते इथे उतरवलंय. क्रम काही खास नाही.

नुकसान नेमकं किती झालं होतं?

सकाळी 8 वाजून 46 मिनिटांनी धक्का बसला. तीव्रता 7.7, केंद्र भचाऊ तालुक्यातल्या चोबारी गावाजवळ, म्हणजे भुजपासून पूर्वेला साधारण सत्तर किलोमीटर. गुजरातमध्ये मृतांचा सरकारी आकडा 13,805. त्यातले बारा हजारांवर एकट्या कच्छ जिल्ह्यात. जखमी दीड लाखाच्या वर. भुज, भचाऊ, अंजार आणि रापर ही चार शहरं जवळपास बसली. अंजारला प्रजासत्ताक दिनाची प्रभातफेरी अरुंद गल्लीतून चालली होती. दोन्ही बाजूंच्या भिंती मुलांवर आणि शिक्षकांवर कोसळल्या.

वर्ल्ड बँक आणि आशियाई विकास बँकेच्या पाहणीत मालमत्तेचं नुकसान सुमारे 9,900 कोटी रुपये धरलं होतं. हा आकडा मी सांगतो खरा, पण मे महिन्यात जे पाहिलं त्याच्याशी त्याचा मेळ मला कधी घालता आला नाही. काकांच्या भावाच्या गल्लीत ढिगारा पहिल्या मजल्याच्या उंचीपर्यंत होता आणि त्यावरून पायवाट पडली होती. लोक त्या पायवाटेवरून दूध आणायला जात होते.

इतकी माणसं का गेली? भूकंप तर कच्छला नवीन नव्हता.

अजिबात नव्हता. 1819 च्या जूनमध्ये कच्छच्या रणात इतका मोठा भूकंप झाला की जमिनीचा एक लांबलचक बांध वर आला. लोक त्याला आजही अल्लाबंद म्हणतात. 1956 मध्ये अंजारला शंभरावर माणसं गेली. हा प्रदेश भूकंपाच्या तेव्हाच्या नकाशावर सर्वात धोक्याच्या, म्हणजे पाचव्या क्षेत्रात होता आणि ते कागदावर आधीपासून होतं.

भुजचा जुना भाग तटबंदीच्या आत. पाच नाकी, म्हणजे तटाचे दरवाजे, आणि सहावी खिडकी: महादेव नाका, पाटवाडी, सरपट, भीड, वाणियावाड आणि ‘छठ्ठी बारी’. आत दगड-मातीची दोन-तीन मजली घरं एकमेकांना खेटून आणि गल्ल्या इतक्या अरुंद की दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकाने उतरायचं. घर पडलं ते गल्लीत पडलं, आणि गल्लीत आधीच घराबाहेर धावलेली माणसं होती. तटाबाहेरच्या नव्या वस्तीत वेगळीच गोष्ट घडली. तिथे सिमेंटच्या चार-पाच मजली इमारती होत्या, तळमजल्यावर नुसते खांब आणि पार्किंग. त्या खांबांवर बसल्या. म्हणजे जुनं पडलं ते जुनं म्हणून आणि नवं पडलं ते घाईत, स्वस्तात बांधलं म्हणून. कच्छमधल्या बन्नी भागातले ‘भुंगे’, म्हणजे मातीची गोल घरं, मात्र जे नीट बांधलेले होते, ते बऱ्याच ठिकाणी उभे राहिले. गोल भिंतीला कोपराच नसतो, फाटायला सुरुवात होणार कुठून?

शहर दुसरीकडे हलवायचं का ठरवलं नाही?

बोलणं झालं होतं, चांगलं तापलंही होतं. लातूरच्या भूकंपानंतर आपल्याकडे बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, तेव्हा ‘हलवा’ हे उत्तर अधिकाऱ्यांच्या तोंडी पटकन येत होतं. पण किल्लारी हे शेतकऱ्यांचं गाव, भुज व्यापाऱ्यांचं शहर. दुकान जिथे चालतं तिथेच चालतं. सोनीवाडातल्या सराफाला चार किलोमीटरवर ऐसपैस जागा दिली तरी त्याचं गिऱ्हाईक सोबत दिलं जात नाही.

शेवटी मधला रस्ता निघाला. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी शहराबाहेर नवीन वसाहती आखल्या, जसं आरटीओजवळची, मुंद्रा रोडची, रावलवाडीची. ज्यांना राहायचंय त्यांनी जुन्या भुजमध्ये राहायचं, पण जुन्या आखणीवर नाही. पुढची अडीच-तीन वर्षं या दुसऱ्या अटीनेच खाल्ली.

म्हणजे बांधकामाला उशीर झाला तो सरकारी ढिलाईमुळे?

हा प्रश्न सर्वात जास्त वेळा येतो, आणि विचारणाऱ्याचा सूर ठरलेला असतो, म्हणून जरा सविस्तर.

ढिगारा उचलायलाच कित्येक महिने गेले. त्यानंतर तटबंदीच्या आत कोणी काहीच बांधायचं नाही असं ठरलं, कारण प्रत्येकाने आपापल्या जुन्या जोत्यावर भिंत उभी केली असती तर तीच गल्ली, तीच कोंडी पुन्हा तयार झाली असती. त्यासाठी जुन्या शहरावर आठ नगररचना योजना आखल्या. आपल्याकडे ज्याला टीपी स्कीम म्हणतात तीच. वांद्र्याच्या जुन्या पत्त्यांवर ‘टीपीएस 3’ वगैरे वाचलं असेल, ती याच जातीची. 1915 च्या मुंबई नगररचना कायद्यातून हे हत्यार आलं, आणि गुजरात 1960 पर्यंत मुंबई राज्यातच असल्याने त्यांनी ते वापरत ठेवलं. आपण मधली अनेक वर्षं ते खुंटीला टांगलं होतं. अलीकडे पुण्याजवळ माण-म्हाळुंग्याला पुन्हा काढलं.

योजनेत करायचं काय? एका भागातले सगळे भूखंड कल्पनेत एकत्र करायचे, त्यातून रस्ते, मोकळ्या जागा काढून घ्यायच्या आणि उरलेली जमीन प्रत्येकाला शक्यतो त्याच्या जुन्या जागेजवळच, पण थोडी लहान आणि सरळ आकारात परत द्यायची. मूळ भूखंडाला एक क्रमांक, अंतिम भूखंडाला दुसरा. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात हजारो मिळकती, त्यातल्या कितीतरींचे कागद ढिगाऱ्यात, कितीतरी घरं आजोबांच्या नावावर आणि वारस मस्कत, नैरोबी, लंडन, घाटकोपर असे पांगलेले. प्रत्येक खोलीचं माप घ्यायचं, नकाशा लावायचा, हरकती ऐकायच्या, पुन्हा नकाशा बदलायचा. हे काम अहमदाबादच्या एन्व्हायर्नमेंटल प्लॅनिंग कोलॅबोरेटिव्ह या संस्थेने केलं. आमच्या धंद्यात त्याचा दाखला अजून देतात. एरवी एका टीपी स्कीमला दहा-पंधरा वर्षं सहज लागतात, हे लक्षात घेतलं तर भुजच्या आठ योजना मार्गी लागल्या तो वेग विलक्षण होता.

आता दुसरी बाजू. तो वेग माझ्यासारख्या नकाशेवाल्याला विलक्षण वाटतो. पत्र्याच्या शेडमध्ये कच्छचा उन्हाळा काढणाऱ्याला वाटला नाही. 2004 मध्ये गेलो तेव्हा काकांचे भाऊ म्हणाले होते, “तुमचा नकाशा चांगला आहे भाई, पण माझी आई शेडमध्ये गेली.” मी गप्प बसलो.

प्रत्येकाची जागा कापली गेली? त्याचा मोबदला मिळाला?

कापली गेली, पण सरसकट नाही. अगदी लहान खोलीएवढ्या भूखंडातून काहीच घेतलं नाही. जागा जसजशी मोठी तसतशी कपातीची टक्केवारी वाढत गेली. हा निर्णय मला या सगळ्या प्रकरणातला सर्वात शहाणपणाचा वाटतो. दहा बाय दहाच्या घरातून दहा टक्के घेतले तर त्याला घर म्हणता येत नाही. मोठ्या वाड्यातून तीस टक्के गेले तरी वाडाच राहतो.

रोख मोबदल्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की दारापर्यंत गाडी येऊ लागली आणि जागेचा भाव वाढला. 2012 मध्ये भीड नाक्याजवळ एका कापड दुकानदाराने मला गल्ल्याखालून काढून दाखवलेला कागद आठवतो. लॅमिनेट केलेला, कडा पिवळ्या. वरच्या ओळीत मूळ भूखंड, खालच्या ओळीत अंतिम भूखंड, दोन्हींसमोर चौरस मीटर. त्याने फरक बोटावर मोजून सांगितला: अमुक इतके मीटर कमी. मग दुकानाबाहेर बोट करून म्हणाला, आधी इथे माल हातगाडीवरून आणावा लागायचा, आता टेम्पो थेट लागतो. दोन्ही वाक्यं त्याने एकाच श्वासात सांगितली. तक्रार की समाधान, मला नीट कळलं नाही.

पैसा कुठून आला?

वर्ल्ड बँक आणि आशियाई विकास बँकेची कर्जं, केंद्राची मदत, पंतप्रधान निधी, देशोदेशीच्या देणग्या. भूकंपानंतर दोन आठवड्यांच्या आत, 8 फेब्रुवारी 2001 ला, राज्याने आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन केलं आणि बहुतेक पैसा त्याच्यामार्फत फिरला. पी. के. मिश्रा त्याचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते. राज्याचं राजकारणही त्याच वर्षी बदललं. ऑक्टोबरमध्ये मुख्यमंत्रिपदावरून केशुभाई पटेल गेले, नरेंद्र मोदी आले. 2003 मध्ये गुजरातने आपत्ती व्यवस्थापनाचा स्वतंत्र कायदा केला. देशाचा कायदा त्यानंतर, 2005 मध्ये आला.

घरं सरकारने बांधून दिली का?

बहुतांश नाही. मदत मालकाच्या बँक खात्यात हप्त्यांनी जमा व्हायची: आधी एक हप्ता, जोतं आणि भिंती ठरल्याप्रमाणे झाल्या की दुसरा, काम पूर्ण झालं की तिसरा. मधे इंजिनिअर येऊन कोपऱ्यातल्या उभ्या सळ्या आणि दारं-खिडक्यांवरचा लिंटेलचा पट्टा आहे का ते बघायचा. पट्टा नाही तर हप्ता नाही.

इथे लातूरचा धडा कामी आला. किल्लारी परिसरात पूर्ण नव्याने वसवलेल्या गावांमध्ये ठेकेदारांनी एकसारखी घरं रांगेत बांधली. गोठा कुठे, चूल कुठे, पाहुणा आला तर बसणार कुठे, याचा विचार नाही. कितीतरी घरांना लोकांनी नंतर स्वतःच पडव्या जोडल्या. ज्या गावांत मालकांनी स्वतः दुरुस्ती करून घेतली तिथे कुरबुर कमी. कच्छने हे पाहिलं होतं. गावांमध्ये संस्थांनी दत्तक घेऊन बांधलेली घरंही आहेत, त्यातली काही सुंदर, काही अगदी बराकीसारखी. हुन्नरशाला ही संस्था त्या काळातच भुजमध्ये उभी राहिली आणि स्थानिक गवंड्यांना घेऊन मातीचं, पण भूकंप सोसणारं बांधकाम करत राहिली. आज देशभरचे आर्किटेक्ट तिथे शिकायला जातात.

भाडेकरूंचं काय झालं?

मला वाटतं, भुजच्या गोष्टीतलं सर्वात कमी सांगितलं जाणारं पान हे आहे.

सगळी व्यवस्था मालकीवर उभी होती. मालकी असेल तर घराची मदत, मालकी असेल तर अंतिम भूखंड. जुन्या भुजमध्ये मात्र असंख्य कुटुंबं दोन-दोन पिढ्या भाड्याने राहत होती, भाडं नाममात्र. मुंबईकराला समजावं म्हणून सांगतो: आपल्याकडे उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी इमारत पडली किंवा पुनर्विकासाला गेली तर भाडेकरूला घराचा हक्क असतो, त्यासाठी वर्षानुवर्षं भांडावं लागलं तरी हक्क असतो. भुजमध्ये इमारत पडली आणि तिच्यासोबत भाडेकरूचा पत्ताही गेला. मालकाला भूखंड लहान होऊन मिळाला, बांधकामाला सुरुवातीला तळमजला आणि वर एक मजला एवढीच परवानगी. त्यात तो स्वतःचं कुटुंब बसवणार की जुना भाडेकरू? आणि शहरात घरंच कमी उरली म्हटल्यावर भाडी कुठच्या कुठे गेली.

ही माणसं तात्पुरत्या वसाहतींत राहिली. औद्योगिक वसाहतीच्या बाजूला उभारलेल्या शेडना लोक ‘हंगामी आवास’ म्हणायचे. हंगाम संपला, आवास तिथेच राहिला. 2012 मध्ये मी तिथून चाललो तेव्हा पत्र्याला विटांच्या भिंती लागल्या होत्या आणि दारावर तुळशीवृंदावनं होती. अकरा वर्षांत एका आख्ख्या वस्तीचा जन्म झाला होता आणि पालिकेच्या लेखी ती कितीतरी काळ तात्पुरतीच होती.

2008 च्या सुमारास भुजमधल्या पाच संस्थांनी एकत्र येऊन शहरातल्या गरीब वस्त्यांचं काम हातात घेतलं: पाणी, घरं, बायकांचे बचत गट, प्रभाग समित्या. पुढे राजीव आवास योजनेतून भीमरावनगर आणि रामदेवनगर या वस्त्या आहे त्याच जागी, रहिवाशांना सोबत घेऊन बांधल्या. काम चांगलं झालं. पण भूकंपापासून मोजलं तर एक पिढी उलटून गेली होती.

कच्छमध्ये एवढे कारखाने भूकंपामुळे आले हे खरं आहे?

भूकंपामुळे नाही, भूकंपानंतरच्या करसवलतीमुळे. 31 जुलै 2001 ला केंद्राने अधिसूचना काढली: कच्छमध्ये ठरावीक मुदतीत नवा कारखाना सुरू करा, पाच वर्षं उत्पादनशुल्क माफ. मुदत वाढवत 2005 च्या अखेरपर्यंत नेली. राज्याने विक्रीकरातही सूट दिली. कांडला बंदर आधीपासून होतं, मुंद्राचं खासगी बंदर नुकतंच चालू झालं होतं, जमीन सपाट आणि स्वस्त. मग पोलादी पाइप, कापड, खाद्यतेल, साबण, सिमेंट सगळं आलं. अंजारला वेलस्पनचा प्रचंड कारखाना, मुंद्र्याला अदानी आणि टाटा यांची वीज केंद्रं. कच्छला नर्मदेचं पाणी नळातून मिळू लागलं तेही याच काळात, आणि माझ्या मते त्याचा वाटा करसवलतीपेक्षा कमी नाही.

थोडं विषयांतर: 2008 मध्ये सरकारने या सवलतीला कात्री लावली. परतावा फक्त कारखान्यात झालेल्या मूल्यवृद्धीपुरता देऊ, असं म्हटलं, कारण काही ठिकाणी उत्पादन कागदावरच जास्त होत होतं. कंपन्या कोर्टात गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2020 मध्ये सरकारच्या बाजूने निकाल दिला. एकोणीस वर्षांपूर्वीच्या भूकंपाचं बिल तेव्हा कुठे मिटलं. माझा एक मित्र अप्रत्यक्ष कराची वकिली करतो. तो म्हणतो की त्याच्या पहिल्या गाडीचे हप्ते कच्छने भरले.

मग भुज शहर श्रीमंत झालं का?

जिल्हा श्रीमंत झाला, असं म्हणणं जास्त बरोबर. कारखाने मुंद्रा, अंजार, गांधीधामच्या पट्ट्यात आले. हे पोलाद-वीजवाले उद्योग पैसा खूप गुंतवतात, माणसं त्या मानाने कमी लावतात, आणि लावतात ती बरीचशी बाहेरून आणलेली. भुजच्या वाट्याला आल्या सरकारी कचेऱ्या, विद्यापीठ (2003 चं), दवाखाने, बँका, हॉटेलं आणि या सगळ्यांत काम करणाऱ्यांचा खर्च. 2005 पासून धोर्डोचा रणोत्सव सुरू झाला, मग अमिताभ बच्चन टीव्हीवर ‘कच्छ नहीं देखा तो कुछ नहीं देखा’ म्हणाले आणि हिवाळ्यात भुजमध्ये खोली मिळेनाशी झाली.

जवळच्या माधापर, बळदिया या लेवा पटेलांच्या गावांची गोष्ट वेगळी. तिथल्या बँकांत केनिया आणि इंग्लंडहून आलेल्या ठेवी आहेत आणि त्या भूकंपाआधीही होत्या. 2010 मध्ये भुजला उघडलेलं नवं संगमरवरी स्वामीनारायण मंदिर बघितलं की त्या पैशाचा अंदाज येतो. शहराची उभारी मोजताना हा परदेशी पैसा वेगळा काढला नाही, तर सगळं श्रेय करसवलतीच्या खात्यात जातं.

कारागीर टिकले का?

काही टिकले आणि वाढलेही. धमडका गावातले अजरख, म्हणजे लाकडी ठोकळ्यांनी छापायचं कापड, करणारे खत्री याचं ठळक उदाहरण. अजरखला वाहतं, चांगलं पाणी भरपूर लागतं. कापड पुन्हापुन्हा धुवावं लागतं, आणि पाण्यात लोह वाढलं की रंग बिघडतो. भूकंपाने घरं पाडली आणि पाण्याचाही कारभार बदलला. तेव्हा बरीच कुटुंबं भुजजवळ नवीन गावात आली आणि गावाचं नाव ठेवलं अजरखपूर. डॉ. इस्माइल खत्री त्यांच्यातले. नावामागचं ‘डॉ.’ इंग्लंडच्या डी माँटफर्ट विद्यापीठाचं आहे. 2024 मध्ये कच्छी अजरखला भौगोलिक मानांकनही मिळालं.

अजरखपूरला एका अंगणात मी तासभर बसलो होतो. लाकडी ठोकळा रंगाच्या ताटलीत टेकवायचा, कापडावर ठेवायचा, मुठीने एक ठोसा. पुन्हा. ठोकळ्याच्या कोपऱ्यातला बारीक टिंब मागच्या ठशाच्या टिंबावर बसला पाहिजे. छापणारा मुलगा विशीचा, म्हणजे भूकंपानंतर जन्मलेला. धमडका त्याने फक्त लग्नकार्यापुरतं पाहिलेलं.

शिक्षणाचाही फायदा झाला. मुंबईच्या सोमैयांनी 2014 मध्ये आदिपूरला कारागिरांसाठी सोमैया कला विद्या सुरू केली. तिथे विणकराला डिझाइन आणि बाजार दोन्ही शिकवतात. सोनीवाडातले छोटे चांदीकाम करणारे मात्र मला दरवेळी कमी झालेले दिसले.

मुंबईच्या कच्छी लोकांनी काय केलं?

जे एरवी करतात तेच, फक्त शंभरपट. मस्जिद बंदर, मुलुंड, घाटकोपर, डोंबिवलीतल्या महाजनांनी, म्हणजे कच्छी समाजाच्या संस्थांनी, आपापली गावं वाटून घेतली. आमच्या इमारतीखाली आठवडाभर ट्रक भरत होते. घोंगड्या, ताडपत्री, स्टोव्ह, आणि कोणीतरी हौसेने दिलेले थ्री-पीस सूट. ते सूट भचाऊच्या रस्त्याकडेला पडलेले मी मे महिन्यात पाहिले. मदत देताना कपाट रिकामं करायची आपली सवय जुनीच आहे.

खरा परिणाम नंतर दिसला. अनेक मुंबईकर कच्छींनी गावातलं पडलेलं घर पुन्हा बांधलं, पण राहायला कोणी नाही. दिवाळीत, जत्रेला उघडतं. भुजच्या नव्या वसाहतींतही अशी कुलूपबंद घरं दिसतात.

नव्या इमारती पुढच्या भूकंपात टिकतील?

सगळ्यांबद्दल कोण सांगणार? सरकारी आणि हप्त्यांच्या तपासणीतून गेलेली घरं नक्कीच बरी आहेत. भुजचं जनरल हॉस्पिटल भूकंपात रुग्णांसकट कोसळलं होतं. नवीन हॉस्पिटल जानेवारी 2004 मध्ये वाजपेयींच्या हस्ते सुरू झालं आणि ते रबर-शिशाच्या मोठ्या बेअरिंगवर उभं आहे. जमीन हलली की बेअरिंग हलतात, वरची इमारत फारशी हलत नाही. भारतात असं पहिलं हॉस्पिटल हेच. काळजी आहे ती अलीकडच्या वाढीव मजल्यांची. मूळ घर तपासलेलं, वरचा मजला मुलाच्या लग्नासाठी चढवलेला. तो कोणी तपासला?

आयना महाल, प्राग महाल वाचले का?

भुजचे हे दोन्ही राजवाडे वाचले, पण थोडक्यात, जखमी होऊन. अठराव्या शतकातला आयना महाल बराच मोडला, त्याचा काही भागच पाहता येतो. प्राग महालाचा घड्याळाचा मनोरा दुरुस्त झालाय. राजघराण्याच्या समाध्यांवरच्या छत्र्यांचे मात्र दगड अजून गवतात पडलेले आहेत.

हे सगळं महाराष्ट्राला लागू पडतं का?

थेट नाही. पण चिपळूणच्या 2021 च्या पुरानंतर निळ्या आणि लाल पूररेषांवरून जी भांडणं झाली ती ऐकताना मला सतत भुज आठवत होतं. बाजारपेठ हलवा म्हणणारे तेच, हलणार नाही म्हणणारे तेच, आणि दोघांच्या मधे दुकानाच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणारा, ज्याला बैठकीचं बोलावणंच नाही. आपलं एक काम आजही होण्यासारखं आहे: प्रॉपर्टी कार्डावरची नावं अद्ययावत करणं. भुजमध्ये नकाशे आखण्यापेक्षा मेलेल्या माणसांचे वारस शोधण्यात जास्त घाम गेला. तुमच्या घराच्या कार्डावर आजोबांचंच नाव असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी सिटी सर्व्हेच्या कचेरीत जाऊन या.

बघायला जायचं तर काय बघावं?

वांद्रे टर्मिनसहून कच्छ एक्सप्रेस पकडा. भुजियो डुंगरावर स्मृतिवन आहे, ऑगस्ट 2022 मध्ये उघडलं. डोंगरउतारावर छोटे बंधारे बांधून त्यांत पाणी अडवलंय, भोवती हजारो झाडं आहेत आणि गेलेल्यांची नावं कोरली आहेत. संग्रहालयात भूकंपाचा अनुभव देणारी हलती खोली आहे. मी आत गेलो नाही. काकांचे भाऊ सोबत होते, ते बाहेरच्या बाकावर बसले, म्हणून मीही बसलो.

तटबंदीच्या आत सकाळी चाला. रस्ते रुंद आहेत आणि मधेच एखादी जुनी गल्ली अजून तशीच निसटून राहिलेली सापडते. दाबेली खायची तर नाक्यावरच्या गाडीवर, मुंबईपेक्षा तिखट कमी असते. आणि पावसाळ्यात जाणार असाल तर हमीरसर तलावाची चौकशी करून जा. तो काठोकाठ भरून ओसंडला की भुजला सुट्टी जाहीर होते, नगराध्यक्ष वाजतगाजत येऊन पाण्याची पूजा करतात आणि मेघलाडू वाटतात. एका वर्षी काकांच्या भावाने फोनवर तो आवाज ऐकवला. ढोल, पाणी आणि मधेच त्यांचं ओरडणं: “ओगनी गयो, ओगनी गयो!” म्हणजे तलाव ओसंडला. लाडू मात्र पोस्टाने पाठवता येत नाहीत म्हणाले.